लेकुरवाळी घंटा

माय,

तुझी घंटा परत आली. परवा, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मोडीच्या पोत्यातून. फुटके गडवे, परातींचे तुकडे, बंबाच्या तोट्या, आणि त्यांच्यात ती. तुला हे सांगायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, म्हणून दुकान लवकर बंद करून बसलो आहे. तुझ्याशी जन्मभर मले-तुले बोललो, पण हातात टाक आला की चार इयत्तांची शाळा आडवी येते आणि हात पुस्तकी होतो. तेवढं चालवून घे. तसंही तुला वाचता येत नव्हतं. कुणी वाचून दाखवलं असतं तर चौथ्या ओळीलाच तू म्हणाली असतीस, "मुद्द्यावर ये बे."

मुद्द्यावर येतो. पण वाटेनं येतो, कारण ती वाटच मला आज सकाळपासून दिसते आहे. राजूरच्या घाटाच्या पायथ्याशी आपलं घर. मलकापूरकडून येणारा जो तो घाट चढायच्या आधी तिथं थांबायचा. लमाणांचे तांडे, पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेले बैल, मारवाडातले उंटवाले, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, देऊळगावच्या बालाजीच्या यात्रेच्या आगेमागे, घोडे विकायला निघालेले काबुली. आगगाडी तेव्हाही होती, पण घोडा पायी आणलेलाच बरा, असं त्यांचं म्हणणं. जनावर थांबलं की धनी त्याच्या गळ्यातली घंटा चाचपायचा, आणि घंटा चाचपली की गिऱ्हाईक आपल्या ओट्यावर. आपण ओतारी. काशाच्या घंटा आणि घुंगरं ओतावीत, दुसरं काही येत नव्हतं. बाबा गेले तेव्हा आता ही भट्टी विझली असं गावानं धरूनच ठेवलं होतं. तू दिवस सरल्यावर भट्टी पेटवलीस. शेजारीण म्हणाली, "बाईनं ओतलेली घंटा कोण घेईन व?" तू भात्यावरून मान वर न करता म्हणालीस, "घंटेले काय माहीत, कोणं ओतली ते."

तू डावखुरी होतीस. मातीच्या गाभ्यावर मेणाची बारीक दोरी गुंडाळताना तुझा पीळ डावीकडं पडायचा. दादा आणि मी तुझ्या शेजारी बसून शिकलो, म्हणून दोघंही उजवे असून आमचाही पीळ डावाच पडला. त्या पिळावरून आपल्या घरची घंटा अंधारात बोटांनी ओळखता यायची. आणि तुझे दोन नेम होते. जुनी घंटा फुटली की तिचं कासं नव्या घंटेत गेलंच पाहिजे, म्हणजे जनावर आवाजाला बिचकत नाही. आणि नवी घंटा घासून झाली की तिच्या पोटात जुन्या लुगड्याची चिंधी कोंबून ठेवायची. धन्यानं स्वतःच्या हातानं चिंधी काढून जनावराच्या गळ्यात बांधेपर्यंत घंटेनं बोलायचं नाही. चिंधी कोंबायच्या आधी तेवढी एक टिचकी मारून तू ती माझ्या कानाशी धरायचीस. "पाह्य बे, कशी आहे?" मी म्हणायचो, कथील कमी पडलं. नाही तर म्हणायचो, बरी आहे. त्या कानावर पुढं माझं सगळं पोट चाललं, पण त्याची पहिली चाकरी तुझ्याकडं.

तो म्हातारा काबुली खान पहिल्यांदा आला तो दिवस मला आत्ता घडतो आहे असा दिसतो. तू पाटावर मेण वळते आहेस, दादा भात्यावर आहे, मी माती चाळतो आहे. उंट लिंबाखाली बसतो, आणि खान रुमालाची गाठ सोडून एक चिरलेली घंटा तुझ्यापुढं ठेवतो. "बेटी, ये गूँगी हो गई." तू ती उचलतेस, आत बघतेस आणि तुझा हात थांबतो. आपल्या घंटेत लोखंडाचा लोलक असतो. हिच्यात लोलकाच्या जागी दुसरी घंटा होती, आणि त्या दुसरीच्या पोटात तिसरी, बोराएवढी. बाहेरून डाळिंबाच्या फुलांची ओळ. "हे कोणं केलं, बाबा?" तू विचारलंस. खानानं उत्तरेकडं हात केला आणि किती वेळ तसाच धरला. "बहुत दूर, बेटी. एक गली है. पूरी गली यही काम करती है."

"सांधून देत नाई मी. सांधलेली घंटा खोटं बोलते. मोडते अन् नवी ओतते. चालते काय?"

खानाला ओतणं कळलं, मोडणं कळलं, आणि त्यानं मान हलवली. पहिल्या खेपेला तुझ्या तिन्ही घंटा एकमेकींचा आवाज खात होत्या. तू पुन्हा वितळवल्यास. तुझं असं मी कधी पाहिलं नव्हतं, मुशीपुढं बसून हसणं. दरम्यान डाळिंबाची फुलं जुन्या घंटेबरोबर मुशीत गेली होती, म्हणून तू खानाला म्हणालीस, फूल एकदा काढून दाखवा. त्यानं राखेत बोटानं काढलं. दादा वाकून बघतो आणि म्हणतो, "हा तं कांदा झाला, बाबा!" खान इतका हसला की उंट उठून उभा राहिला. पण त्या कांद्यावरून तू मेणात डाळिंबाचं फूल वळलंस, आणि खाली जागा उरली तिथं ज्वारीचं कणीस लावलंस. "ये क्या?" खानानं विचारलं. "आमचं बी काही असू द्या का नाई?" तू म्हणालीस.

पुढच्या पावसाळ्याआधी लमाणांच्या नायकाला तसलीच हवी झाली. त्याच्या बायकोनं ती कानाशी हलवून बघितली आणि म्हणाली, पोटात लेकरं घेऊन चालली, ही तर लेकुरवाळी. तेच नाव पडलं. तिनं काठाला कवड्यांची नक्षी मागितली, तीही तू घातलीस. म्हणजे फूल काबूलच्या वाटेवरचं, कणीस आपल्या वावरातलं आणि कवडी तांड्याची, आणि हे सगळं पोळ्याला कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यात वाजत वेशीतून जायचं. बघणाऱ्याला वाटे, हे असंच होतं पहिल्यापासून.

खान दुसऱ्या हिवाळ्यात आला तो सांगत, की त्या गल्लीत तुझी घंटा हातोहात फिरली. ते लोक वाळूच्या साच्यात ओततात, मेणाची दोरी त्यांना ठाऊक नाही. कणसाचा एकेक दाणा असा उभा कसा राहिला, हे म्हातारे कारागीर भिंग लावून बघत बसले. कुणी दाखवणारा येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. तू हे ऐकून खूष झालीस, पदरानं तोंड झाकलंस. दादा मात्र हसला नाही. त्यानं भाता थांबवला होता.

"मी जातो, माय. त्यायचं वाळूचं काम शिकून येतो, आपलं त्यायले दाखवतो. दोन हिवाळ्यात परत."

"तुले थंडी सोसत नाई."

"उंटाले तरी कुठी सोसते? तो जातेच ना."

तू तीन दिवस त्याच्याशी बोलली नाहीस आणि चौथ्या दिवशी मूस चढवलीस. एकाच ओतातून दोन लेकुरवाळ्या काढल्यास, अगदी एकसारख्या. "बाहेरची मी," तू म्हणालीस, "मधला मोठा, अन् आतला हा चिपळ्या." चिपळ्या म्हणजे मी, धाकटा. एक दादाच्या उंटासाठी. दुसरी, पोटातल्या चिंधीसकट, आपल्या दारावर टांगलीस. ही तो आल्यावर त्यानंच मोकळी करायची. पहाटे तांडा हलला तेव्हा तुला खूप बोलायचं असणार. तू त्याच्या कमरेला मेणाचा गोळा बांधलास, तिकडं मेण कसं असेल म्हणून, आणि एवढंच म्हणालीस, "येजो बे." त्यानं चिंधी काढून तुझ्या हातात दिली, घंटा उंटाच्या गळ्यात बांधली, आणि ते घाट चढायला लागले. वळणावर ते दिसेनासे झाले. मग सगळ्यांना ऐकू यायचंही बंद झालं, मला मात्र येत होतं. तू माझा दंड धरून उभी.

"येते काय अजून?"

"येते."

"आता?"

"येते. तिन्ही येतात."

शेवटी मी मान हलवली, तेव्हा तू चिंधी कमरेला खोचून घरात गेलीस.

एका हिवाळ्यानं खान आला, एकटा. म्हणाला, पोरगा मजेत आहे, गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणतात, द्राक्षं खाऊन सुटला आहे, पुढच्या साली माझ्याबरोबर येतो म्हणाला. दादानं धाडलेली सुकी जर्दाळू त्यानं तुझ्या ओंजळीत ओतली. ती तू खाल्ली नाहीस आणि मला खाऊ दिली नाहीस, डब्यात तशीच ठेवलीस. आणि पुढच्या साली मोठी लढाई लागली. वाटेवर पहारे बसले म्हणे. घोडेवाले यायचे थांबले. काही वर्षांनी आले ते आगगाडीनं, हिंगाच्या थैल्या घेऊन, दुसऱ्याच मुलखाचे. तू प्रत्येकाला ओट्यावर पाणी देऊन विचारायचीस, आणि प्रत्येक जण पाणी पिऊन मान हलवायचा. आपला खान पुन्हा आला नाही.

त्या वर्षांत माझा कान तुझ्याकडंच कामाला होता. लांबून घंटा वाजली की तू मूस खाली ठेवायचीस. "ऐक बे, कोण येऊन राह्यलं?" मी सांगायचो, लमाण आहेत, पुढचा बैल लंगडतो. मी सांगायचो, उंट आहेत, पण मारवाडाचे. तू "हाव" म्हणायचीस आणि मूस परत उचलायचीस. तो "हाव" किती तऱ्हांनी म्हणता येतो, ते मला माहीत आहे.

मग माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, आणि दरवेळी एकाच जागी येऊन अडलं. मोठा बाहेर असताना धाकट्याचं कसं करायचं? एका मुलीचा बाप आपल्याच ओटीवर बसून म्हणाला, "आम्ही घाई नाही करत. पण मोठे आहेत का नाहीत, तेवढं एकदा सांगून टाका." तू दाराआड उभी होतीस. त्याला चहा दिलास, वाटेला लावलंस, आणि संध्याकाळी मेण वळता वळता, माझ्याकडं न बघता बोललीस.

"बारा वर्षं झाले. कर त्याचं."

"काय करू?"

"भटजीले बोलाव. पळसाचा पुतळा करते म्हणतात, बेपत्ता माणसाचा."

"माय, तुले वाटते काय, का तो..."

"मले काय वाटते ते राहू दे. तुले घर नको काय?"

मी नको म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो, तुला आठवत असेल. तू ऐकलं नाहीस. मग नळगंगेच्या काठी पळसाच्या देठांचा दादा झाला. भटजींनी हात इथं, पाय इथं, असं सांगत तो मांडला आणि मी त्याला अग्नी दिला. सुका पळस लवकर जळतो. मुंडण करून घरी आलो तर तू दाराखाली उभी होतीस. तू हात वर करून त्या दुसऱ्या घंटेच्या पोटातली चिंधी ओढून काढलीस आणि घंटा एकदा हलवलीस. बारा वर्षांत पहिल्यांदा ती बोलली, तिन्ही आवाजांनी. मग खाली उतरवलीस, फोडलीस आणि मुशीत घातलीस. "हे कासं कोणाच्या जनावराले नको," म्हणालीस. त्याची तू वाटी केलीस, तुझ्या येणाऱ्या सुनेसाठी. उन्हाळ्यात तळपाय जळायला लागले की ती अजून त्याच वाटीनं माझे पाय घासते. तिला वाटतं सासूनं हौसेनं दिलेली वाटी आहे. तशी ती आहेच.

त्या दिवसानंतर तू मला कधी ऐकायला सांगितलं नाहीस. घाटातून घंटा यायच्या, मी तुझ्याकडं बघायचो, तू मेण वळत राहायचीस. लग्नात तू सगळ्यांपेक्षा जास्त नाचलीस. दुसऱ्या हिवाळ्यात गेलीस. डब्यातली जर्दाळू दगडासारखी झाली होती. ती मी तुझ्याबरोबर दिली.

माझं बरं चाललं आहे, माय. मलकापूरच्या पेठेत आता आपलं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत. घाटानं लॉऱ्या चढतात. बैलांचे तांडे मोडले तसं घंटा ओतणं सोडलं, आणि जुनं तांबं-पितळ-कासं घेऊन पुढं विकायला लागलो. भांडं खाली आपटलं की त्यात काय किती आहे ते मी बसल्या जागी सांगतो. पेठेत म्हणतात, शेठचा कान तागडीपेक्षा खरा. मीही म्हणतो, तागडीले तेल लागते, कानाले तेही नाही. लोक हसतात, माल सोडून जातात. आता पुन्हा लढाई चालू आहे, दुसरी, आणि फुटक्या गडव्यालाही मान आला आहे. परवा बऱ्हाणपूरचा दलाल पोती घेऊन आला. "शेठ, बघून घ्या, आज पितळ म्हणजे सोनं आहे." मी म्हटलं, "मंग सराफाकडं जा ना बाप्पा, मोडवाल्याकडं काऊन आला?" तो हसला, मी हसलो, हमालानं पोतं उलटं केलं. आणि त्या खडखडाटात तीन आवाज एकामागोमाग आले. मोठा, मधला, बारका. मी हसतच होतो. तोंड तसंच राहिलं, असं हमालानं नंतर सांगितलं.

मी ती उचलली. डाळिंबाची फुलं झिजून गुळगुळीत झाली आहेत, कणीस बोटाला अजून लागतं. पीळ डावा. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. दादाचा तांडा वाटेत लुटला, घंटा कुठल्या तरी बाजारात पडून राहिली, असं म्हणून मी तिला डोळ्यांना लावून ठेवून दिली असती. पण हात ओताऱ्याचा, तो वर कडीपर्यंत गेलाच. गळ्यातला पट्टा जिच्यात ओवतात ती कडी तुझी नाही. तुझी झिजून तुटली आहे, तिचे खुंट दिसतात, आणि त्यांच्यावर कुणीतरी नवी कडी ओतून बसवली आहे. कासं वेगळं, जरा तांबूस. तू घातलेली कडी अंगठ्याएवढी जाड होती. रोज चालणाऱ्या जनावराच्या गळ्यातही ती झिजून तुटायला वीस-एक वर्षं लागणार. आणि नवी कडी मेणाच्या दोरीची आहे, माय. पीळ डावा आहे. तिच्यावर एक ज्वारीचं कणीस आहे, एकेक दाणा उभा, आणि कणसाच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षाची पानं आहेत.

मी दलालाला तिथल्या तिथं विचारलं, कुठून आणलीस. तो म्हणाला, पलटणीला खेचरं विकायला काबूलकडचा एक माणूस आला होता, परत जाताना वाटखर्चाला मोड विकून गेला. नाव नाही, गाव नाही. मी लगोलग माणूस धाडला बऱ्हाणपूरला. खेचरवाला केव्हाच निघून गेला होता.

म्हणजे पळस जळत होता तेव्हा दादा कुठल्या तरी गल्लीत बसून मेण वळत होता. त्यालाही कुणी विचारत असेल, हे धान्य कोणतं, आणि तो सांगत असेल. त्याचीही लेकरं असतील, त्यांचाही पीळ डावा पडत असेल, का ते त्यांना ठाऊक नसेल. तो का आला नाही, ते मी दोन दिवस माझ्याशी भांडून बघितलं. वाट बंद होती, घर मांडलं असेल, लाज वाटली असेल. मला कुठलंच पटत नाही आणि त्याच्यावर रागही येत नाही. येतो तो त्या मेण वळतानाच्या संध्याकाळचा. तुला आतून माहीत होतं. "मले काय वाटते ते राहू दे," म्हणालीस ना? ते वाटणं खरं होतं, आणि ते तू माझ्या संसारासाठी मुशीत घातलंस. माय, पोतं उलटं झालं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, तू नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा तसं आलं.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुझी सून विचारत होती जेवण का गेलं नाही, तिला म्हटलं, पित्त. काल तिनं वाटीनं पाय घासायला घेतले आणि मी पाय ओढून घेतला. दलालाला वाटतं ती घंटा मी वितळवली. नेमानं तेच करायला हवं होतं. ज्याचं मी स्वतः केलं, मुंडण करून केलं, त्याची घंटा ठेवून काय करायचं? पण ती दुकानाच्या दारावर टांगायची म्हणून काल मी खिळा ठोकला. आज हा कागद लिहून झाला की तो चौघडी घालून तिच्या पोटात कोंबणार आहे, तिन्ही घट्ट धरल्या जातील असा. धन्यानं येऊन काढेपर्यंत तिनं बोलायचं नाही. कानाचं म्हणशील तर तो अजून चांगला आहे. लॉरी घाटाकडं गेली आणि रस्ता शांत झाला की मी गादीवरून उठून दाराशी जातो, आणि कुणी बघितलं तर म्हणतो, वारा घेतो आहे.